विद्युतबलांनी मोठे रेणू किती विकृत होतात आणि ते गणितात कसं मांडावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रथिनाची स्फटिकावरून मिळालेली रचना हाताशी आहे. पॉइसाँ–बोल्ट्झमन समीकरण (रेणूचे प्रभार आणि द्रावणातले आयन यांवरून विभव देणारं) सोडवून तिच्या आतबाहेरचा विभव, म्हणजे एकक प्रभारामागची विद्युत ऊर्जा, काढता येतो. विभवाच्या उतारावरून विद्युतक्षेत्र मिळतं आणि क्षेत्राला प्रभाराने गुणलं की बल. हे बल स्थितिस्थापकतेच्या समीकरणात घातलं, तर रेणूचा आकार किती बदलतो ते निघायला हवं. पण असं केल्यावर रेणू गणिताच्या दोन-तीन फेऱ्यांतच चुरगळतो, किंवा फेऱ्या कितीही वाढवल्या तरी उत्तर स्थिरावत नाही. असं का होतं, आणि हे प्रतिमान नीट कसं उभारायचं?

तुमचा सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम, बहुधा ठीक आहे. घोळ आहे तो कोणतं बल धरलं आणि ते कोणत्या अवस्थेपासून मोजलं, यात. आधी अवस्थेबद्दल बोलतो, कारण रेणू चुरगळण्याचं सर्वांत सामान्य कारण तेच असतं.

स्फटिकातून मिळालेली रचना ही विद्युतबलं नसतानाची रचना नसते. त्या रचनेत प्रत्येक प्रभार आपापल्या शेजाऱ्यांना ओढतो-ढकलतो आहे, आणि ते सगळं ओढणंढकलणं बंधांनी, अणूंच्या दाटीने आणि पाण्याने आधीच तोलून धरलेलं आहे. आकडा घेऊ. प्रथिनाच्या आत परावैद्युतांक (माध्यम प्रभारांमधलं बल किती पट कमी करतं तो आकडा) ४ धरला, तर अर्ध्या नॅनोमीटरवरचे दोन विरुद्ध एकक प्रभार एकमेकांना सुमारे २३० पिकोन्यूटन बलाने ओढतात. रेणूच्या पातळीवर हे फार मोठं बल आहे. आता तीच रचना 'ताणमुक्त' मानून तुम्ही तिच्यावर हे सगळं बल लावलंत, तर निसर्गाने एकदा तोललेलं बल तुम्ही दुसऱ्यांदा लावता. रेणू चुरगळणारच. म्हणून स्थितिस्थापकतेच्या समीकरणात पूर्ण बल घालायचं नाही, बलातला फरक घालायचा. काहीतरी बदललेलं असतं: प्रभारित लिगँड (प्रथिनाला जोडला जाणारा रेणू) जवळ आला, एखाद्या बाजूशाखेवरचा प्रोटॉन सुटला, द्रावणातलं मीठ कमी झालं. बदलानंतरच्या बलातून बदलाआधीचं बल वजा करा. बदलाआधीचं बल मूळ आकारावर एकदाच काढून जपून ठेवायचं. बदलानंतरचं बल मात्र दर फेरीत नव्या आकारावर पुन्हा काढायचं. एवढं केलंत तरी निम्मी अडचण सुटेल.

आता अंदाजाचा हिशोब. संगणक चालू करण्याआधी हा हिशोब कागदावर करावाच, असं माझं ठाम मत आहे, कारण हे प्रतिमान लावण्यात अर्थ आहे की नाही ते त्यावरूनच ठरतं. घट्ट घडी पडलेल्या प्रथिनाचा यंग गुणांक (ताठपणाचं माप: प्रतिबल भागिले विकृती) काही गिगापास्कल असतो. आपण २ धरू. प्रथिनाच्या आत दडलेल्या जागी नवा प्रभार आला आणि त्यामुळे १०० पिकोन्यूटन जादा बल एक चौरस नॅनोमीटर छेदावर पडलं, तर प्रतिबल १०० मेगापास्कल आणि विकृती ५ टक्के. चार नॅनोमीटरच्या रेणूत हे ०.२ नॅनोमीटर होतात. खोलीच्या तापमानाला घट्ट भागातले कण्याचे अणू ०.०५ ते ०.१ नॅनोमीटर एवढे आपोआप थरथरत असतात, म्हणजे हा बदल थरथरीच्या वर उठून दिसेल. उलट अर्ध्या नॅनोमीटरवरचे ते दोन प्रभार पाण्यात असते, जिथे २५ अंश सेल्सिअसला परावैद्युतांक ७८.५ आहे, तर बल १२ पिकोन्यूटनच्या आसपास आणि सरकणं ०.०२ ते ०.०३ नॅनोमीटर. सरासरीतला हा फरक तत्त्वतः मोजता येईल, पण रेणूच्या कामावर त्याचा परिणाम शोधत बसू नये. तेव्हा पहिला प्रश्न प्रभार किती हा नसून तो कुठे बसला आहे हा आहे. पृष्ठभागावर पाण्यात लोंबणाऱ्या लायसीनसाठी एवढा खटाटोप करायचं कारण नाही. दडलेल्या ॲस्पार्टेटसाठी आहे.

आणखी दोन लांबी मनात ठेवाव्यात. पाण्यात दोन एकक प्रभारांमधली ऊर्जा केटीएवढी होते ते अंतर ०.७१ नॅनोमीटर, याला बेयेरुम लांबी म्हणतात. (केटी म्हणजे औष्णिक ऊर्जा, २५ अंशांना ४.१ पिकोन्यूटन-नॅनोमीटर.) दुसरी डिबाय लांबी, म्हणजे मिठाच्या द्रावणात प्रभाराचा प्रभाव जेवढ्या अंतरात विरतो ती. एकसंयुजी मिठासाठी ती ०.३०४ नॅनोमीटर भागिले मोलर संहतीचं वर्गमूळ इतकी येते: ०.१ मोलरला ०.९६ नॅनोमीटर, एक मिलिमोलरला ९.६. मीठ शंभरपट पातळ केलं की प्रभाराचा हात दहापट लांब पोचतो. रेणूचा आकार आणि ही लांबी यांची तुलना केली की मीठ बदलून आकार बदलेल का, याचा सुगावा लगेच लागतो.

आता मूळ मुद्दा: बल कोणतं धरायचं. माझं सांगणं असं की बलापासून सुरुवातच करू नये. आधी मुक्त ऊर्जा लिहावी, आणि बलं तिच्यातून काढावीत. ऊर्जेत चार भाग येतात. स्थिर प्रभार गुणिले विभव. त्यातून वजा क्षेत्राची ऊर्जा. त्यातून वजा आयनांच्या परासरणी दाबाचा भाग, जो विभवाच्या हायपरबोलिक कोसाइनमधून एक वजा करून येतो. आणि अधिक रेणूची स्थितिस्थापक ऊर्जा. या बेरजेत आकार स्थिर ठेवून विभव किंचित हलवला, तर पॉइसाँ–बोल्ट्झमन समीकरण मिळतं. गूई यांनी १९१० साली आणि चॅपमन यांनी १९१३ साली सपाट पृष्ठभागासाठी मांडलं ते हेच, आणि डिबाय व ह्यूकेल यांचं १९२३ सालचं रूप हे त्याचंच रेषीय सरलीकरण. आता विभव समीकरणातून मिळालेला ठेवून आकार किंचित हलवा. ऊर्जा जेवढी बदलते त्यातून बल मिळतं, आणि ते एक नसून तीन असतात.

पहिलं तुमच्या ओळखीचं: प्रभार गुणिले क्षेत्र. इथे प्रभाराचं स्वतःचं कुलोम क्षेत्र वगळायला हवं, नाहीतर बल अनंत होतं. दुसरं बल प्रभारांवर नसतंच. परावैद्युतांक जिथे ४ वरून ७८.५ वर उडी मारतो, त्या रेणू-पाणी सीमेवर ते लागतं. तिसरं बल आयनांच्या दाबाचं. आयनांना रेणूच्या आत शिरता येत नाही, म्हणून ते बाहेरून सीमेवर दाब देतात. गिल्सन, डेव्हिस, ल्यूटी आणि मॅकॅमन यांनी १९९३ साली ही तिन्ही बलं ऊर्जेतून काढून दाखवली. तरीही अनेक जण फक्त पहिलंच वापरतात, कारण सॉफ्टवेअर विभव देतं आणि विभवावरून पहिलं बल सहज हाती येतं.

दुसऱ्या बलाची दिशा नवख्यांना बुचकळ्यात टाकते. ते नेहमी जास्त परावैद्युतांकाकडून कमीकडे, म्हणजे पाण्याकडून रेणूच्या आत असतं. प्रभार धन असो वा ऋण, काहीच फरक पडत नाही, कारण त्यात क्षेत्राचा वर्ग येतो. पाण्याला प्रभाराच्या जवळ जायचं असतं, आणि ते वाटेतल्या रेणूला दाबतं. हे तपासायला एक सोपा गोळा पुरे. एक नॅनोमीटर त्रिज्येचा गोळा, आत परावैद्युतांक ४, मधोमध एक एकक प्रभार, बाहेर बिनमिठाचं पाणी. सीमेवरचा दाब म्हणजे विस्थापन-क्षेत्राच्या (इथे प्रभार भागिले गोळ्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ) वर्गाचा अर्धा, गुणिले आतल्या आणि बाहेरच्या परावैद्युततेच्या व्यस्तांमधला फरक. उत्तर येतं २.२ मेगापास्कल, आतल्या दिशेने. यंग गुणांक २ गिगापास्कल आणि पॉइसाँ गुणोत्तर ०.३ घेतलं, तर त्रिज्या ०.०४ टक्के घटते. मधला प्रभार पाच एकक केला तर दाब पंचवीसपट होऊन ५४ मेगापास्कल, आणि आकुंचन एका टक्क्याच्या वर. प्रभारावरचं बल सममितीमुळे शून्य आहे. म्हणजे फक्त पहिलं बल धरणाऱ्या प्रोग्रॅमला या गोळ्यात काहीच घडताना दिसणार नाही. तुमच्या प्रोग्रॅमला हा गोळा द्या. ही उत्तरं आली नाहीत तर प्रथिनाकडे वळू नका.

तिसऱ्या बलाचं महत्त्व पटवायला सपाट पृष्ठभागाचं उदाहरण मला सर्वांत आवडतं. ०.१ मोलर मीठ, पृष्ठभागावरचा विभव ३ केटी प्रति एकक प्रभार, म्हणजे साधारण ७७ मिलिव्होल्ट. पृष्ठभागाच्या आतल्या बाजूला क्षेत्र शून्य. पृष्ठभागालगत विरुद्ध आयनांची संहती वीसपट, म्हणजे २ मोलर होते. तिथलं क्षेत्र ०.११४ व्होल्ट प्रति नॅनोमीटर. मॅक्सवेलचा ताण (विद्युतक्षेत्रामुळे पृष्ठभागावर पडणारी ओढ) यावरून ४.५ मेगापास्कल निघतो, बाहेरच्या दिशेने: प्रभारित पृष्ठभागाला समोरचे आयन ओढत असतात. आयनांचा जादा परासरणी दाब काढा, तोही ४.५ मेगापास्कल, आतल्या दिशेने. दोघे तंतोतंत रद्द होतात, आणि व्हायलाच हवेत, कारण एकट्या सपाट भिंतीला द्रावणाने कोणत्याही बाजूला ढकलण्याचं कारण नाही. यांतला एक भाग विसरणाऱ्याला पंचेचाळीस वातावरणांएवढा खोटा दाब मिळतो, आणि तो रेणूच्या सगळ्या पृष्ठभागावर लागतो! खरं निव्वळ बल उरतं ते जिथे ही सममिती मोडते तिथे: वक्र भागात, खाचेत, दोन प्रभारित पृष्ठभाग समोरासमोर आले की त्यांच्या मधल्या फटीत. मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून उरणारी लहान संख्या हीच आपली कमाई असल्यामुळे पृष्ठभागाजवळ मेश (गणितासाठी जागेचे लहान घटक पाडून केलेलं जाळं) बारीक लागतो. डिबाय लांबीत किमान पाच-सहा घटक नसतील, तर वजाबाकीत उरलेला आकडा बल आहे की मेशची चूक, हे सांगता येत नाही.

या ऊर्जेचा एक गुणधर्म माहीत नसेल तर तासन्तास वाया जातात. विभवाच्या दृष्टीने ती खालून नव्हे, वरून मर्यादित आहे: खरा विभव तिला किमान करत नाही, कमाल करतो. आकाराच्या दृष्टीने मात्र किमान हवं. म्हणजे उत्तर खोगीरबिंदूवर बसलेलं आहे. विभव आणि विस्थापन दोन्ही एकाच यादीत टाकून नेहमीच्या किमानीकरणाच्या प्रोग्रॅमला दिलंत, तर तो उताराच्या दिशेने खाली खाली जात राहतो आणि थांबत नाही. 'उत्तर स्थिरावत नाही' यामागे असं काही तुमच्याकडे घडत नाही ना, ते बघा. आधी दिलेल्या आकारासाठी विभव पूर्ण सोडवायचा, मग त्या विभवावर आकार एक पाऊल हलवायचा.

आता जोडणीकडे. अडचण अशी की विभवाचं समीकरण रेणूच्या सध्याच्या आकारावर लिहिलेलं असतं आणि स्थितिस्थापकतेचं मूळ आकारावर. दर फेरीला नवा मेश करणं महाग पडतं, आणि त्याहून वाईट म्हणजे मेश बदलला की बलात कृत्रिम उड्या येतात. चांगला उपाय म्हणजे विभवाचं समीकरणच मूळ आकारावर ओढून आणणं. तसं केल्यावर परावैद्युतांकाच्या जागी एक मॅट्रिक्स येतं: आकारबदलाच्या ग्रेडियंटचं व्यस्त मॅट्रिक्स, त्याचा ट्रान्सपोज आणि घनफळ-बदलाचा गुणक, या सगळ्यांनी गुणलेला परावैद्युतांक. मग मेश एकच राहतो, बदलतं ते फक्त सहगुणकांचं कोष्टक. रेणूबाहेरच्या पाण्यालाही आकारबदल द्यावा लागतो, नाहीतर सीमेवर मेश फाटतो. त्यासाठी सीमेवरचं विस्थापन घेऊन पाण्यात लाप्लास समीकरणाने ते गुळगुळीत पसरवतात. घनफळाचा गुणक कुठेही शून्याखाली गेला नाही ना, हे दर फेरीला तपासायचं. गेला असेल तर मेश स्वतःवर दुमडला आहे आणि पुढच्या आकड्यांना अर्थ नाही.

बिंदुप्रभारांमुळे विभव प्रत्येक अणूपाशी अनंत होतो, आणि सरळ घटक-पद्धतीला (मेशच्या घटकांवर समीकरण सोडवण्याच्या रीतीला) ते पचत नाही. म्हणून विभवाचे दोन तुकडे करतात: एक प्रभारांचा शुद्ध कुलोम भाग, जो सूत्राने अचूक माहीत असतो, दुसरा उरलेला गुळगुळीत भाग, जो संगणकाने काढायचा. चेन, होल्स्ट आणि शू यांनी २००७ साली अशा विभाजनावरच घटक-पद्धतीचं काटेकोर विश्लेषण दिलं. आपल्याला त्याचा दुहेरी फायदा होतो: स्वतःचं क्षेत्र वगळण्याचं काम त्यातच उरकतं.

आणखी एक बारीक गोष्ट. रेणू कुठे बांधलेला नाही, म्हणून तो पूर्णच्या पूर्ण सरकू शकतो किंवा फिरू शकतो. स्थितिस्थापकतेच्या समीकरणाला या सहा हालचालींपुरतं एकमेव उत्तर नसतं. त्या काढून टाकाव्या लागतात. काढण्याआधी निव्वळ बल आणि निव्वळ बलघूर्ण शून्य आहे का ते पाहा. एकट्या रेणूचं स्वतःवरचं निव्वळ बल शून्य असायलाच हवं. तुमची तिन्ही बलं एकाच ऊर्जेतून आली असतील आणि मेश पुरेसा बारीक असेल, तर ही बेरीज शून्याजवळ येते. येत नसेल, तर बहुतेक वेळा सीमेवरचं एखादं बल राहिलेलं असतं. (लिगँडला जागेवर धरून ठेवलं असेल तर गोष्ट वेगळी. मग लिगँड आणि रेणू मिळून बेरीज करा.)

फेऱ्या केव्हा स्थिरावतात? योंगचेंग झोउ, मायकेल होल्स्ट आणि अँड्र्यू मॅकॅमन यांनी २००८ साली अरेषीय स्थितिस्थापकता आणि अरेषीय पॉइसाँ–बोल्ट्झमन समीकरण यांची हीच जोडणी गणिताने तपासली. विद्युतबलातला बदल पुरेसा लहान असेल तर उत्तर अस्तित्वात असतं, हे त्यांनी स्थिरबिंदूच्या प्रमेयाने सिद्ध केलं. 'पुरेसा लहान' या शब्दांकडे दुर्लक्ष करू नका. बदल मोठा असेल तर उत्तर एकापेक्षा जास्त असू शकतात, किंवा आहे त्या उत्तरापासून रेणू अचानक दुसऱ्या घडीत उडी मारू शकतो. म्हणून नवा प्रभार एकदम लावू नका. दहा टक्के लावा, आकार स्थिरावू द्या, मग आणखी दहा. दर पायरीला मिळालेलं विस्थापन पूर्ण न घेता अर्धंच घेतलं तर बरंचसं डोलणं थांबतं. एवढं करूनही साठ टक्क्यांपाशी काहीच जमेना, तर पायरी आणखी बारीक करून पाहा. तरीही तिथेच अडलं, तर रेणू तिथे खरोखर अस्थिर होत असण्याची शक्यता आहे, आणि ही माहिती मोलाची आहे. सॉल्व्हरची सहनशीलता, म्हणजे किती चूक चालेल ती मर्यादा, ढिली करून ती झाकू नका.

प्रथिन एकसंध, सर्व दिशांना सारखं, अशी स्थितिस्थापक वस्तू आहे का? गोलसर, घट्ट, एका तुकड्याचं प्रथिन असेल तर हे गृहीतक चालतं. दोन भाग बिजागरीसारख्या पट्टीने जोडलेले असतील तर चालत नाही, कारण पट्टी पंधरा-वीस अणूंची असते आणि सगळा वाक तिथेच पडतो. तिथे मी सलग माध्यम सोडून स्प्रिंगांच्या जाळ्याचं प्रतिमान घेतो. मोनिक टिरियन यांनी १९९६ साली दाखवलं की ठरावीक अंतरातल्या अणूंना एकसारख्या स्प्रिंगांनी जोडलं तरी रेणूच्या मंद, मोठ्या हालचाली बऱ्याच अचूक मिळतात. या जाळ्यातून, किंवा रेणू-गतिकीच्या (प्रत्येक अणूची हालचाल संगणकावर पावलापावलाने काढण्याच्या) लांबलचक धावेतून, अणूंच्या थरथरीचं कोव्हेरिअन्स मॅट्रिक्स, म्हणजे कोणते अणू किती आणि कोणाबरोबर थरथरतात याचं कोष्टक, काढा. त्याला बलातल्या फरकाने गुणा आणि केटीने भागा: सरासरी विस्थापन हाती येतं. इकेगुची आणि सहकाऱ्यांनी २००५ साली लिगँड जोडल्यावर होणारा आकारबदल याच रेषीय प्रतिसादाने काढला. रेणू ज्या दिशेला आपणहून जास्त थरथरतो, त्याच दिशेला थोड्या बलाने जास्त वाकतो, हे या सूत्रात उघड दिसतं. विद्युतबलं इथेही वर सांगितलेल्या तीन प्रकारांचीच घ्यायची, फक्त सीमेवरची बलं जवळच्या अणूंवर वाटून द्यायची. तुमच्या प्रथिनाच्या दोन भागांत बिजागरी असेल तर आधी हे करा. दिवसभरात उत्तर मिळतं. स्थितिस्थापकतेचं पूर्ण समीकरण नंतर.

लांब साखळीची गोष्ट वेगळी, आणि तिथे तर संगणकाशिवायही बरंच पुढे जाता येतं. डीएनएचा ताठपणा टिकाव-लांबीने (साखळी जेवढ्या लांबीपर्यंत साधारण सरळ राहते तिने) मोजतात: नेहमीच्या मिठात सुमारे ५० नॅनोमीटर, म्हणजे दीडशे बेस-जोड्या. यातला किती भाग प्रभारांच्या आपसातल्या ढकलण्यामुळे? ओडायक यांनी आणि स्वतंत्रपणे स्कॉलनिक व फिक्समन यांनी १९७७ साली याचं सूत्र दिलं. साखळी किंचित वाकवली की प्रभार एकमेकांच्या जरा जवळ येतात, ऊर्जा वाढते. ती वाढ वाकेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती थेट ताठपणात मिळवता येते. विद्युत भाग येतो बेयेरुम लांबी गुणिले डिबाय लांबीचा वर्ग, भागिले चार वेळा प्रभारांमधल्या अंतराचा वर्ग. डीएनएत प्रभारांमधलं सरासरी अंतर ०.१७ नॅनोमीटर आहे. सूत्रात सरळ टाकलं तर ०.१ मोलरला जवळजवळ ६ नॅनोमीटर आणि एक मिलिमोलरला साडेपाचशेच्या वर येतं, जे प्रयोगाशी मुळीच जुळत नाही. दुरुस्ती मॅनिंग यांच्या १९६९ सालच्या कल्पनेतून येते: प्रभार बेयेरुम लांबीपेक्षा दाट असतील तर विरुद्ध आयन साखळीवर जमतात आणि प्रभारांमधलं परिणामी अंतर बेयेरुम लांबीएवढं होईपर्यंत जमत राहतात. डीएनएचा ७६ टक्के प्रभार असा झाकला जातो. मग सूत्र नुसतं डिबाय लांबीचा वर्ग भागिले चार बेयेरुम लांबी एवढंच उरतं: ०.१ मोलरला ०.३ नॅनोमीटर, एक मिलिमोलरला ३२. म्हणजे शरीरातल्या मिठात डीएनएचा ताठपणा जवळजवळ सगळा त्याच्या घडणीचा, आणि अगदी पातळ द्रावणात मात्र प्रभारांचा वाटा ठसठशीत.

हे सूत्र साखळी सगळीकडे सारखी प्रभारित आहे असं धरतं. प्रभार एका बाजूनेच झाकला तर? मग ताठपणा बदलण्याऐवजी साखळी आपणहून वाकते: उघड्या बाजूचे फॉस्फेट एकमेकांना ढकलतात आणि झाकलेली बाजू आत दुमडते. स्ट्रॉस आणि मेहर यांनी १९९४ साली डीएनएच्या एका बाजूचे काही फॉस्फेट रासायनिक रीतीने प्रभारहीन केले. डीएनए त्या बाजूला सुमारे २० अंश वाकला, कोणतंही प्रथिन जोडलेलं नसताना. विद्युतबलाने मोठा रेणू वाकतो याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही, आणि कोणतंही नवं प्रतिमान मी आधी याच उदाहरणावर घासून पाहायला सांगेन. पेशीच्या केंद्रकातला हिशोब यानंतर समजतो. न्यूक्लिओसोममध्ये १४७ जोड्या, म्हणजे ५० नॅनोमीटर डीएनए, ४.२ नॅनोमीटर त्रिज्येने हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. टिकाव-लांबी गुणिले लांबी भागिले त्रिज्येच्या वर्गाची दुप्पट: वाकवण्याचा खर्च सुमारे ७० केटी. हा खर्च मुख्यतः धन प्रभारांचे हिस्टोन आणि ऋण फॉस्फेट यांच्या आकर्षणातून भागतो. शिवाय हिस्टोन डीएनएच्या आतल्याच बाजूचे प्रभार झाकतात, म्हणजे खर्चसुद्धा काहीसा कमी होतो.

प्रतिमान कुठे हात टेकतं तेही पाहू. प्रभार स्थिर धरणं ही पहिली जागा. ॲस्पार्टेट, ग्लुटामेट, हिस्टिडीन यांचा प्रभार भोवतालच्या विभवावर ठरतो. आकार बदलला की विभव बदलतो, विभव बदलला की प्रभार. चवळीच्या पानांवरचा ठिपक्या रोगाचा एक विषाणू घ्या, क्लोरोटिक मॉटल नावाचा. पीएच ५ ला त्याचं कवच घट्ट असतं. पीएच ७ कडे नेऊन कॅल्शियमसारखे द्विसंयुजी आयन काढून घेतले, की कवचातल्या तुकड्यांच्या सांध्यांवरचे कार्बॉक्सिल गट प्रोटॉन सोडतात, एकमेकांना ढकलतात, आणि कवच त्रिज्येत सुमारे १० टक्के फुगतं. फुगल्यावर गट दूर जातात, आणि उरलेल्यांना प्रोटॉन सोडणं सोपं होतं. स्थिर प्रभारांनी गणित केलं तर हा परस्परांना रेटा देणारा भाग निसटतो. उपाय अवघड नाही: ऊर्जेत प्रोटॉन बांधण्या-सोडण्याचा भाग घाला, प्रभार विभवाचं फल म्हणून लिहा. बलं पुन्हा त्याच ऊर्जेतून येतील.

दुसरी जागा जास्त अवघड. पॉइसाँ–बोल्ट्झमन समीकरणात आयन एकमेकांना फक्त सरासरी विभवातूनच ओळखतात. सोडियम-क्लोराइडपुरतं हे पुष्कळ झालं. मॅग्नेशियमपाशी शंका येऊ लागते. त्रिसंयुजी स्पर्मिडीनपाशी समीकरण चक्क उलटं उत्तर देतं: विल्सन आणि ब्लूमफिल्ड यांनी १९७९ साली दाखवलं की बहुसंयुजी आयनांनी डीएनएचा सुमारे ९० टक्के प्रभार झाकला की डीएनए स्वतःवर गुंडाळून घट्ट गोळा होतो, म्हणजे सारखे प्रभार एकमेकांना ओढतात. सरासरी-विभवाच्या सिद्धांतात दोन सारख्या प्रभारित पृष्ठभागांमधलं बल नेहमी ढकलणारंच निघतं. मेश कितीही बारीक करा, चिन्ह बदलत नाही. तुमच्या द्रावणात असे आयन असतील, तर डीएनए किंवा आरएनएजवळचे आयन सुटेसुटे धरून रेणू-गतिकी चालवा, त्यातून पृष्ठभागावरची सरासरी बलं काढा, आणि आकारबदलाचं गणित त्या बलांवर करा.